११५, १०८, ११०: ओरिओल्सनी हरायचं ठरवलं होतं, जिंकायचं कधी ठरवलं?

कोलंबियाकर · २९ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

काल न्यूयॉर्कमध्ये आमच्या बाल्टिमोर ओरिओल्सचा हंगाम संपला. ७५ विजय, ८७ पराभव, पाच संघांच्या विभागात पाचवा नंबर. मी टीव्ही बंद केला तर मुलगा म्हणतो, "बाबा, म्हणजे ड्राफ्टमध्ये परत वरचा नंबर मिळेल ना?" आवाजात दुःख नाही, चक्क उत्सुकता. पोरगा पंधरा वर्षांचा आहे. बेसबॉल कळायला लागल्यापासून त्याने हेच पाहिलंय, की हरलं की काहीतरी पदरात पडतं. ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांचा बेसबॉलशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर लीगमध्ये ३० संघ, प्रत्येकाचे वर्षाला १६२ सामने. शंभर पराभव म्हणजे नामुष्की. पण तळाला गेलेल्याला इथे खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत. उलट पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे शाळा-कॉलेजातली नवी पोरं निवडताना, त्याचा नंबर आधी लागायचा. निवडलेला पोरगा मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं त्याच संघाचा, आणि त्यातली पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास. यंदा तो किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. ऐकायला मोठी रक्कम, पण त्याच तोडीचा खेळाडू खुल्या बाजारातून आणायचा तर वर्षाला दोन-तीन कोटी डॉलर मोजावे लागतात. सगळी गोम या फरकात आहे.

आता आमची कहाणी. २०१८ मध्ये ४७ विजय, ११५ पराभव. बोस्टन १०८ जिंकून पहिला, आम्ही त्यांच्या ६१ सामने मागे. त्या वर्षीची घसरगुंडी आपोआपची होती. जुलैत आमचा स्टार मॅनी मचाडोला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं, नोव्हेंबरात ह्यूस्टनहून माइक इलायस जनरल मॅनेजर म्हणून आले, सोबत पूर्वी नासात काम केलेले सिग मेजडल. तिथून पुढचं घसरणं मात्र आखीव होतं. २०१९ ला १०८ पराभव, २०२१ ला ११० (मधलं २०२० कोविडमुळे ६० सामन्यांचं, त्यातले ३५ हरलो). मग २०२२ ला ८३ विजय, २०२३ ला थेट १०१, आणि आम्ही नाचलो. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीत, टेक्सासने तीन-शून्य धुतलं. २०२४ ला कॅन्सस सिटीने दोन-शून्य. यंदा मे महिन्यात १५-२८ असताना मॅनेजर ब्रँडन हाइडना नारळ दिला, आणि जुलैअखेर मलिन्स, ओहर्न, लॉरेआनो असे खेळाडू एकेक करून विकले.

म्हणजे हरण्यात आमची वर्षं गेली, त्यानंतर तीन वर्षं बरी गेली, आणि प्लेऑफमधला एकही सामना न जिंकता आम्ही परत तळाशी आलो. हे वसूल झालं का, एवढंच विचारायचंय.

पावणेतेरा · २९ सप्टेंबर, रात्री १०:१५

वसूल झालं. आणि "आखीव घसरणं" हा शब्द मला मान्य नाही.

२०१८ च्या शेवटी या क्लबकडे होतं काय? ज्युनिअर संघांत माल नाही. डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातून सोळा-सतरा वर्षांची पोरं सगळे क्लब घेतात, तिथे जुन्या मालकांनी वर्षानुवर्षं हातच आखडता ठेवलेला. आणि क्रिस डेव्हिसच्या नावावर १६ कोटी १० लाख डॉलरचा करार. असल्या संघावर आणखी पैसा ओतून ७० सामने जिंकायचे आणि मधल्या नंबरवर लोंबकळत राहायचं? मुंबईत पडायला आलेल्या इमारतीला कुणी रंग देत बसतं का? रीडेव्हलपमेंटला देतात. चार वर्षं ट्रान्झिट कॅम्पात काढायची, मग नवा फ्लॅट.

२१ मे २०२२ ला अ‍ॅडली रचमन आला तेव्हा संघ १६-२४ होता. तो आल्यानंतर ६७-५५. हा २०१९ च्या ड्राफ्टचा पहिला नंबर, म्हणजे ११५ पराभवांची थेट कमाई. आणखी काय पुरावा हवा?

सांजवात · २९ सप्टेंबर, रात्री ११:०२

पावणेतेरा, ट्रान्झिट कॅम्पात बिल्डर आपल्याला भाडं देतो हो. इथे कॅम्पात आम्ही राहायचं आणि तिकीट, पार्किंग, वर दहा-बारा डॉलरची बिअर, हे भाडंही आम्हीच भरायचं!

८ एप्रिल २०१९ ची संध्याकाळ आठवते. पंचेचाळीस हजारांच्या आपल्या मैदानात, कॅम्डन यार्ड्समध्ये, माणसं ६,५८५. क्रिस डेव्हिसला हिट (चेंडू मारून बेस गाठणं) मिळेना, त्या रात्री त्याने सलग हिट न मिळण्याचा मेजर लीगचा विक्रम मोडला. पुढे तो आकडा ५४ पर्यंत गेला. आम्ही तो सामना १२-४ जिंकलो होतो, पण ते कुणाला आठवत नाही. मागच्या रांगेतले एक आजोबा प्रत्येक वेळी उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. असल्या माणसांचं काय करायचं, याचा रकाना तुमच्या एक्सेलमध्ये कुठे आहे?

कट्टेकरी · ३० सप्टेंबर, सकाळी ६:५०

पुण्यातून विचारतोय, हसू नका. ठरवून हरणं म्हणजे मॅच फिक्सिंग नाही का? आपल्याकडे या असल्या गोष्टीवरून केवढा गदारोळ झाला, माणसं तुरुंगात गेली. आणि आयपीएलमध्ये असं कुणी करताना दिसत नाही ते का?

कोलंबियाकर · ३० सप्टेंबर, सकाळी ७:२५

कट्टेकरी, हसण्यासारखं नाहीच. मैदानावरचा एकही खेळाडू मुद्दाम हरत नाही, कारण त्याचं पुढचं पोट त्याच्या आकड्यांवर चालतं. हरण्याचा निर्णय वरच्या मजल्यावर होतो. चांगले खेळाडू विकायचे, स्वस्तातले घ्यायचे, आणि त्यांना म्हणायचं, जीव तोडून खेळा.

२५ जुलै २०१९ चा अनाहाइमचा सामना बघा. सोळा इनिंग चालला, आमचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, संपले. शेवटी स्टीव्ही विल्करसन नावाच्या आउटफिल्डरला चेंडू दिला. त्याने ताशी पन्नास-साठ मैलांच्या वेगाने, म्हणजे आपल्याकडचा स्पिनर टाकेल तसा, चेंडू टाकून सामना वाचवला. पिचर नसलेल्या खेळाडूच्या नावावर 'सेव्ह' (शेवटी येऊन आघाडी राखल्याची नोंद) लागण्याची इतिहासातली ती पहिली वेळ. हा माणूस हरायला आला होता असं कोण म्हणेल? त्याच वर्षी आमच्या पिचर्सनी ३०५ होमरन (आपल्याकडच्या षटकारासारखे) खाल्ले, तोही विक्रमच. न्यूयॉर्कच्या एकट्या ग्लेबर टोरेसने त्यातले १३ मारले. फिक्सिंगमध्ये निदान खेळाडूला पैसे मिळतात.

आयपीएलचं सोपं आहे. तळाला राहून काही मिळतच नाही. लिलावात सगळ्यांच्या खिशात सारखेच पैसे, शिवाय दर काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन संघ विस्कटतो. पाच वर्षांनी येणाऱ्या फळासाठी आज झाड लावायचं, असा विचारच तिथे करता येत नाही.

ह्यूस्टनचा_उकाडा · ३० सप्टेंबर, सकाळी ८:१०

बाल्टिमोरकरांनो, हा धडा तुम्ही आमच्याकडूनच उचललात, पण अर्धाच. आमचे अ‍ॅस्ट्रोज: २०११ ला १०६ पराभव, २०१२ ला १०७, २०१३ ला १११. सप्टेंबर २०१३ मध्ये एका सामन्याचं टीव्ही रेटिंग शून्य पूर्णांक शून्य आलं होतं. म्हणजे मोजणाऱ्यांच्या लेखी अख्ख्या शहरात कुणीच बघत नव्हतं! (अर्थात केबलवाल्यांच्या भांडणामुळे बहुतेक घरांत ते चॅनेल दिसतच नव्हतं, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.) आणि २०१७ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद. ड्राफ्टमधून आलेले कोरेया, ब्रेगमन, स्प्रिंगर. याला म्हणतात योजना.

पावणेतेरा · ३० सप्टेंबर, सकाळी ८:३१

+१. इलायस तिथूनच आले.

सांजवात · ३० सप्टेंबर, सकाळी ८:४०

आणि कचऱ्याचा डबा? तोही योजनेतच होता का? :)

(कट्टेकरींसाठी: २०१७ मध्ये ह्यूस्टनवाले कॅमेऱ्यातून समोरच्या कॅचरच्या खुणा बघायचे आणि डगआउटमागे डबा बडवून बॅटरला कळवायचे, आता कोणता चेंडू येतोय ते. जानेवारी २०२० मध्ये जनरल मॅनेजर जेफ लुनो आणि मॅनेजर हिंच दोघांवर वर्षभराची बंदी आली, मालकाने दोघांनाही त्याच दिवशी काढलं. ५० लाख डॉलर दंड आणि दोन वर्षांचे पहिल्या-दुसऱ्या फेरीतले ड्राफ्टचे नंबर जप्त.)

ह्यूस्टनचा_उकाडा · ३० सप्टेंबर, सकाळी ८:५५

आला डबा! २०२२ ला परत जिंकलो, तेव्हा कुणी डबा वाजवत नव्हतं.

जुनी_वही · ३० सप्टेंबर, दुपारी १२:२०

मी १९८१ पासून बाल्टिमोरात. १९८३ ची वर्ल्ड सिरीज पाहिली, १९८८ ला हंगामाच्या सुरुवातीचे सलग २१ सामने हरलो तेही पाहिले. सामन्याला गेलो की वहीत स्कोअर लिहायची सवय आहे, त्यामुळे थोडं हिशेबाने बोलतो.

ह्यूस्टनकर, तुमची योजना तुम्ही सांगता तेवढी सरळ रेषेत गेली नव्हती. स्प्रिंगरला २०११ च्या जूनमध्ये घेतलं, तेव्हा लुनो ह्यूस्टनमध्ये आलेसुद्धा नव्हते. ज्याच्याभोवती तो संघ उभा राहिला तो आल्टुवे, त्याला २००७ मध्ये व्हेनेझुएलातून १५ हजार डॉलरला घेतलेला. त्याचा हरण्याशी काय संबंध? आता हरून जे मिळवलं ते बघा. २०१२ ला कोरेया, उत्तम. २०१३ ला पहिल्या नंबरवर मार्क अपेल, जो ह्यूस्टनकडून एकही सामना खेळला नाही, आणि दुसऱ्या नंबरवर शिकागोने क्रिस ब्रायंट उचलला. २०१४ ला पहिल्या नंबरवर ब्रेडी एकेन, त्याच्या कोपराच्या तपासणीवरून बोलणी फिसकटली आणि करारच झाला नाही. त्याची भरपाई म्हणून पुढच्या वर्षी जादा नंबर मिळाला, त्यावर ब्रेगमन आला. तीन वर्षांत तीनदा पहिला नंबर, त्यातून एक खेळाडू, आणि एक नशिबाने. मध्येच २०१४ च्या मार्चमध्ये जे. डी. मार्टिनेझला फुकट सोडून दिलं, तो पुढे दहा वर्षं होमरन मारत राहिला.

आता आमचा २०२३ चा १०१ विजयांचा संघ घ्या. त्यातला कोण कुठून आला, ते मी तेव्हाच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. सेंटरफिल्डला मलिन्स: २०१५ ची तेरावी फेरी. मॅनेजमेंट जुनी, डॅन ड्यूकेटची. लेफ्टला हेज, फर्स्ट बेसला माउंटकॅसल: तीच जुनी मॅनेजमेंट. सँटांडर २०१६ च्या डिसेंबरात क्लीव्हलंडकडून 'रूल फाइव्ह'मध्ये (दुसऱ्या क्लबच्या ज्युनिअर संघातला पोरगा उचलायची सोय) उचललेला. ओहर्न कॅन्सस सिटीला नको झालेला, थोड्या रोख पैशांत आला. क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा, फेलिक्स बाउटिस्टा मायामीने सोडल्यावर २०१६ मध्ये घेतलेला. पिचर ग्रेसन रॉड्रिग्ज २०१८ च्या जूनचा, अकरावा नंबर, तेव्हाही इलायस यायचे होते. क्रेमर मचाडोच्या बदल्यात, ब्रॅडिश बंडीच्या बदल्यात.

पराभवांनी दिलेला खरा माल म्हणजे रचमन, आणि अर्धा गनर हेंडरसन. अर्धा अशासाठी की तो दुसऱ्या फेरीत बेचाळिसावा होता, तोपर्यंत इतर जवळपास प्रत्येक क्लबने त्याला एकदा तरी नाकारलं होतं. तिथे कामाला आली ती पारख. २०२२ च्या ड्राफ्टचा पहिला नंबर जॅक्सन हॉलिडे, तो मेजर लीगमध्ये आलाच २०२४ ला.

पारख, नवे प्रशिक्षक, उच्चवेगी कॅमेरे, डॉमिनिकनमधली अकादमी, हे सगळं इलायसनी चांगलं केलं, मला मान्य आहे. पण यातली एकही गोष्ट ७५ सामने जिंकत करता येत नाही असं कुठे आहे? आमच्याच विभागातला टॅम्पा बे पगाराच्या यादीत कायम खालून मोजायचा, आणि २०१९ ते २०२३ सलग पाच वर्षं प्लेऑफ खेळला.

पावणेतेरा · ३० सप्टेंबर, दुपारी १:०५

काका, वहीला दंडवत. पण एक मुद्दा सुटला. ओहर्न, बाउटिस्टा, पिचर कानो या लोकांना संधी कुठे मिळाली? टायलर वेल्स रूल फाइव्हमधून आला, त्या नियमात घेतलेला पोरगा वर्षभर मेजर लीगच्या संघातच ठेवावा लागतो, नाहीतर परत द्यायचा. जिंकायला निघालेला संघ हा जुगार कशाला खेळेल? आपल्याकडे जागा होती, कारण आपण जिंकायला निघालेलो नव्हतो. हरण्याचा फायदा फक्त ड्राफ्टच्या नंबरात मोजू नका.

आणि इंटरनॅशनल म्हणाल तर सॅम्युअल बसायो बघा. २०२१ च्या जानेवारीत १३ लाख डॉलरला घेतलेला पोरगा, गेल्या महिन्यात त्याच्याशी आठ वर्षांचा ६ कोटी ७० लाखांचा करार झाला. मेजर लीगच्या संघावर वाचवलेला पैसाच तिकडे गेला.

जुनी_वही · ३० सप्टेंबर, दुपारी १:३०

रूल फाइव्हचा मुद्दा मान्य. खोडून वहीत लिहितो.

पैशाचा नाही. बसायोला १३ लाख दिले. त्यासाठी संपूर्ण लीगमध्ये तळाच्या एक-दोन क्रमांकांतला पगार ठेवायची गरज नव्हती. बाकीचा पैसा कुठे गेला ते सांगतो. अँजेलोस कुटुंबाने १९९३ मध्ये क्लब घेतला १७ कोटी ३० लाखांना. २०२४ मध्ये डेव्हिड रुबेनस्टाइन आणि मंडळींना विकला तो १७२ कोटी ५० लाखांच्या किमतीला. विकायच्या घराचा खर्च कमी दिसलेला बरा असतो.

पिंपळगावकर · ३० सप्टेंबर, संध्याकाळी ५:४५

इथे व्हर्जिनियात असतो, सामने बघतो, पण माझं डोकं अजून द्राक्षबागेत चालतं. बागेला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी: वेल अगदी बोडका करून टाकायचा. त्या छाटणीला फळ धरायचंच नसतं, काडी तयार करायची असते. बाहेरचा माणूस बघून म्हणेल, याने बाग तोडली. मग ऑक्टोबरात गोड्या बहाराची छाटणी, आणि तिथून खर्च सुरू. औषधं, मजूर, थिनिंग, अवकाळीची धास्ती. पैसा लागतो तो ऑक्टोबरनंतर, एप्रिलनंतर नाही.

इलायसनी खरड छाटणी झकास केली. काडी अशी तयार झाली की सगळ्या लीगने बघत राहावं. पण ऑक्टोबर उजाडला तेव्हा साहेब औषधाच्या दुकानात जाऊन घासाघीस करायला लागले. २०२२ च्या ऑगस्टात स्वतःच म्हणाले होते, आता उड्डाण. त्या हिवाळ्यात आणलं कोण? पिचर काइल गिब्सन, एका वर्षासाठी, एक कोटीला. गेल्या हिवाळ्यात मुख्य पिचर कॉर्बिन बर्न्स सोडला आणि एकेक वर्षासाठी आणले ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन आणि ३५ वर्षांचा सुगानो.

पावणेतेरा · ३० सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

बर्न्सला अ‍ॅरिझोनाने सहा वर्षांचे २१ कोटी दिले आणि जूनमध्ये त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं. सँटांडरला टोरोंटोने ९ कोटी २५ लाख दिले, तो यंदा .१७५ ने (म्हणजे शंभर खेळींत साडेसतराच हिट) खेळला. हे दोन्ही करार आपण केले असते तर आज हाच धागा "इलायसनी पैसे उडवले" या नावाने निघाला असता.

पिंपळगावकर · ३० सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

शेजाऱ्याच्या बागेवर गारपीट झाली म्हणून मी औषध मारायचं सोडलं, असं झालं हे. बर्न्सच पाहिजे होता असं कुणी म्हटलं? कोणीतरी पाहिजे होता.

जुनी_वही · ३० सप्टेंबर, रात्री ८:००

पिंपळगावकरांच्या बागेला जोड म्हणून एक तुलना देतो. यावर पावणेतेरा काय म्हणतात ते ऐकायला मला आवडेल.

२०२१ मध्ये आम्ही ११० हरलो. त्याच वर्षी टेक्सास १०२ हरला. दोघे एकाच खड्ड्यात. टेक्सासने डिसेंबर उजाडायच्या सुमारास कोरी सीगरला साडेबत्तीस कोटी आणि मार्कस सेमियनला साडेसतरा कोटी दिले. दोन माणसांत पन्नास कोटी! सगळे हसले, कारण २०२२ लाही ते ९४ हरले. मग २०२३ ला आमचे १०१ विजय, त्यांचे ९०. आमच्याच मैदानावर येऊन पहिले दोन सामने घेतले, तिसरा त्यांच्या घरी, आम्हाला बाहेर काढलं आणि वर्ल्ड सिरीज जिंकले. सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू: सीगर.

त्या तीन सामन्यांच्या आधी, २०२२ च्या मेपासून, साखळीतल्या एकाही मालिकेत आम्हाला कुणी व्हाइटवॉश दिला नव्हता.

पावणेतेरा · ३० सप्टेंबर, रात्री ८:४५

तीन सामने म्हणजे नाणेफेक आहे काका. १६२ सामन्यांत कोण चांगला होता ते दिसलं.

सांजवात · ३० सप्टेंबर, रात्री ९:०५

नाणं १० वेळा सलग उलटं पडलं की माणूस नाणं तपासून बघतो. २०१४ ला कॅन्सस सिटीकडून चार, २०१६ ला टोरोंटोकडून एक, २०२३ ला तीन, २०२४ ला दोन. प्लेऑफमध्ये सलग दहा पराभव. गेल्या वर्षीचे दोन तर १-० आणि २-१. पहिल्यात बर्न्सने आठ इनिंगच्या वर टाकलं, एकच धाव दिली, आणि आपल्या बॅटर्सना एक धाव करता आली नाही.

मला मात्र आकड्यांचं नाही बोलायचं. मला ट्रे मॅन्सिनीचं बोलायचंय.

२०२० च्या मार्चमध्ये त्याला आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं, तिसरी स्टेज. ऑपरेशन, केमो. २०२१ ला तो परत आला, होमरन डर्बी या होमरन मारायच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि ११० पराभवांचं ते अख्खं वर्ष या संघाकडून खेळला. माझ्या आईची केमो त्याच सुमारास चालू होती, ठाण्यात. मी इथून रात्री तिच्याशी बोलायचे आणि सकाळी तिला मॅन्सिनीने काय केलं ते सांगायचे. तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसे. "तुझा तो मंचरकर काय म्हणतो?" असं विचारायची.

२८ जुलै २०२२ ला मी मैदानात होते. भर दुपार. त्याने मारलेला चेंडू उन्हात टॅम्पाच्या फिल्डरला दिसलाच नाही, थेट त्याच्या तोंडावर आदळून लांब गेला, आणि मॅन्सिनी धावत सुटला तो होमपर्यंत. पार्काच्या आतला होमरन. घरच्या मैदानावर ओरिओल्सच्या शर्टात त्याची ती शेवटची खेळी ठरली. १ ऑगस्टला त्याला ह्यूस्टनला पाठवून दिलं. वाइल्ड कार्डपासून, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागेपासून, आपण तीनेक सामने लांब होतो, वर्षाअखेर तीनच सामन्यांनी हुकलो.

वर्षानुवर्षं "धीर धरा" म्हणत होते. धीर धरला. जिंकायची वेळ आली आणि ज्याने आमच्यासोबत हरणं सोसलं त्यालाच दारापर्यंत सोडून आले.

पावणेतेरा · ३० सप्टेंबर, रात्री ९:४०

ताई, यावर उत्तर नाही माझ्याकडे. ह्यूस्टनला त्याची बॅट चालली नाही, त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या सौद्यात आपल्याला कानो मिळाला, हे सगळं मी लिहिलं होतं आणि खोडलं. आई कशा आहेत?

सांजवात · ३० सप्टेंबर, रात्री ९:५२

ठणठणीत. आता मला "तुमचा संघ परत का हरतो" म्हणून झापते.

ह्यूस्टनचा_उकाडा · ३० सप्टेंबर, रात्री १०:१०

मॅन्सिनीला आमच्याकडे वर्ल्ड सिरीजची अंगठी मिळाली, तेवढं समाधान माना.

कट्टेकरी · १ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

वाचतोय, मजा येतेय. मग लीग हे सगळं नुसतं बघत बसते का? नियम बदलत नाहीत?

कोलंबियाकर · १ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

बदलला. २०२२ च्या करारापासून ड्राफ्टच्या पहिल्या सहा नंबरांसाठी चिठ्ठ्या काढतात. सगळ्यात वाईट तीन संघांना सारखीच संधी, प्रत्येकी साडेसोळा टक्के. म्हणजे ११५ हरा नाहीतर १०१ हरा, फरक नाही. डिसेंबर २०२३ मध्ये क्लीव्हलंडला जेमतेम दोन टक्के संधी होती आणि पहिला नंबर त्यांचाच निघाला. शिवाय मोठ्या शहरांच्या क्लबना लागोपाठ दोन वर्षं चिठ्ठीतला नंबर मिळत नाही. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले, आधुनिक काळातला उच्चांक, आणि बक्षीस काय? ड्राफ्टमध्ये दहावा नंबर. दुष्काळात तेरावा महिना.

थोडक्यात, इलायसनी ज्या दाराने माल आणला ते दार त्यांच्या मागे लागून गेलं. म्हणूनच मुलाच्या त्या प्रश्नाने मला जास्त त्रास झाला. आता हरून तेही मिळायचं नाही.

जुनी_वही · १ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

जाता जाता ६ सप्टेंबरबद्दल. आमच्या कॅल रिपकनने २,१३१ वा सलग सामना खेळून विक्रम मोडला, त्याला त्या दिवशी तीस वर्षं झाली, तो स्वतः मैदानात आला होता. मीही वही घेऊन गेलो होतो. हा रिपकन १९८८ च्या २१ पराभवांतही रोज खेळायला उतरलेला माणूस. राष्ट्रगीताच्या वेळी सगळं स्टेडियम नेहमीसारखं "ओ!" म्हणून ओरडलं. समोर लॉस एंजेलिस, त्यांचा यामामोटो पिचर. आठ इनिंग झाल्या, आमची हिट शून्य. नवव्यात दोन बाद, तरी शून्य. माझ्या वहीत शून्यांची रांग. लोक यामामोटोसाठी उभे राहायला लागले होते. तेवढ्यात हॉलिडेने चेंडू उजव्या भिंतीपलीकडे टाकला. मग एकामागून एक माणसं बेसवर चढली, आणि त्यांच्याकडून टाकायला टॅनर स्कॉट आला. तोच, आमच्या १०८ आणि ११० पराभवांच्या वर्षांत आमच्याकडून टाकणारा. आम्ही जिंकलो ४-३. त्या पानावर माझं अक्षर पार वाकडं झालंय.

कोलंबियाकर · १ ऑक्टोबर, रात्री ९:१५

काकांचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. म्हणतो, "बघा, हॉलिडे पहिल्या नंबरवर मिळाला तो ११० हरलो म्हणूनच. नाहीतर तो होमरन कुणी मारला असता?"

जुनी_वही · १ ऑक्टोबर, रात्री ९:३८

हॉलिडेच्या होमरनने आमची एकच धाव झाली, त्याला सांग. तेव्हा ३-१ ने आम्ही मागेच होतो. जिंकवणाऱ्या शेवटच्या दोन धावा रिव्हेराने आणल्या, आणि तो मायामीने सोडल्यावर आम्ही फुकटात उचललेला.